सेन्सरची बैठक : थ्रीडी प्रिंटरचे तापमान स्थिर कसे राहते

थ्रीडी प्रिंटरमध्ये प्लास्टिकची तार (फिलामेंट) ज्या भागात वितळते त्याला हॉटएंड म्हणतात. ॲल्युमिनियमचा एक छोटा ठोकळा, त्याच्या एका भोकात ६ मिलिमीटर जाडीचा नळकांडी हीटर, दुसऱ्या भोकात तापमान मोजणारा सेन्सर आणि खाली पितळी नोझल, एवढाच त्याचा पसारा. बहुतेक घरगुती यंत्रांत फिलामेंट १.७५ मिलिमीटर जाडीचे आणि नोझलचे छिद्र ०.४ मिलिमीटरचे असते. ठोकळ्याच्या वर पोलादाची पातळ नळी आणि तिच्यावर पंख्याने गार ठेवलेला ॲल्युमिनियमचा भाग असतो. उष्णता खालीच राहावी आणि तार वरच मऊ पडून अडकू नये, हा त्यामागचा हेतू.

प्रत्येक प्लास्टिकला त्याचा तापमानाचा पट्टा असतो. पीएलए १९० ते २२० अंश सेल्सिअसला छापले जाते, पीईटीजी आणि एबीएस २३० ते २५० च्या आसपास, पॉलिकार्बोनेट त्याहूनही वर. या पट्ट्यात नेमका कोणता आकडा निवडला यापेक्षा तो आकडा टिकतो की नाही, हे जास्त महत्त्वाचे. तापमान खाली घसरले की थर एकमेकांना नीट धरत नाहीत आणि वस्तू थरांच्या रेषेवर सुटते. वर गेले की नोझलमधून पातळ रस झिरपतो, मोकळ्या जागेत बारीक धागे ओढले जातात. खाली-वर होत राहिले तर भिंतीवर चकचकीत आणि मंद असे आडवे पट्टे उमटतात; काळ्या पीईटीजीवर ते लांबूनही दिसतात.

हे टाळण्याची जबाबदारी कंट्रोलरची. पण कंट्रोलरला नोझल दिसत नाही, वितळलेले प्लास्टिक दिसत नाही. त्याच्याकडे सेन्सरकडून आलेला एक आकडा असतो आणि तो आकडा जागेवर ठेवणे एवढेच त्याचे काम. म्हणजे प्रिंटर प्रत्यक्षात नोझलचे तापमान सांभाळत नाही, सेन्सरचे सांभाळतो. या दोन तापमानांत किती अंतर पडेल आणि किती उशीर होईल, हे सेन्सर कुठे आणि कसा बसवला आहे यावर ठरते. पडद्यावर २१० चा आकडा अगदी स्थिर दिसत असतानाही नोझल १९५ अंशांवर असू शकते.

सेन्सरचे तीन प्रकार

सर्वांत प्रचलित सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. तापमान वाढले की याचा विद्युतरोध कमी होतो. असा उलटा गुणधर्म मायकेल फॅरडे यांना १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये आढळला होता. प्रिंटरमधला थर्मिस्टर २५ अंशांना १ लाख ओहम रोध दाखवतो आणि २०० अंशांना तो साधारण ५०० ओहमवर येतो. स्वस्त, लहान आणि चटकन प्रतिसाद देणारा असल्यामुळे तो घरोघरच्या यंत्रांत गेला. मात्र त्याची अचूकता वर जाताना कमी होते. जुन्या ८-बिट बोर्डांत ४.७ किलोओहमच्या रोधाशी त्याची जोडी लावून व्होल्टेज मोजले जाते आणि ते १,०२४ पायऱ्यांत विभागले जाते. २०० अंशांच्या आसपास एका अंशाच्या वाट्याला यातली जेमतेम दीड पायरी येते. ३०० अंशांना तर एका पायरीत तीन-चार अंश सामावतात. तिथे बारीक नियंत्रणाची अपेक्षाच चुकीची ठरते.

दुसरा प्रकार प्लॅटिनमचा. पीटी १०० या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि दर अंशाला सुमारे ०.३९ ओहमने वाढतो. पीटी १००० मध्ये हेच आकडे दहापट. प्लॅटिनमची वाढ जवळपास सरळ रेषेत असल्याने ३०० अंशांच्या वरही वाचन भरवशाचे राहते. तिसरा प्रकार थर्मोकपल. दोन भिन्न धातूंच्या तारांचा सांधा तापला की सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते, हा १८२१ मध्ये थॉमस सीबेक यांनी पाहिलेला परिणाम. के-प्रकारच्या थर्मोकपलमध्ये ते अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट इतकेच असते, म्हणून त्याला वेगळी चिप लागते आणि विजेच्या गोंगाटाची बाधाही लवकर होते.

सेन्सर कोणताही असो, तो स्वतःचेच तापमान सांगतो. त्याला ठोकळ्याचे तापमान घ्यायला लावणे हे बसवणाऱ्याचे काम. ताप मोजताना थर्मामीटर काखेत सैल राहिला तर १०२ चा ताप ९९ दिसतो. दोष थर्मामीटरचा नसतो.

उशीर आणि त्याची किंमत

हीटर चालू-बंद करण्याची सर्वांत साधी रीत म्हणजे तापमान ठरलेल्या आकड्याखाली गेले की चालू, वर गेले की बंद. बेडसाठी, म्हणजे वस्तू ज्यावर छापली जाते त्या गरम पत्र्यासाठी, ती पुष्कळदा पुरते, हॉटएंडसाठी पुरत नाही. तिथे पीआयडी पद्धत वापरतात. आत्ता किती फरक आहे, आजवर किती फरक साचला आहे आणि फरक कोणत्या वेगाने बदलतो आहे, या तिन्हींचा हिशेब करून हीटरला किती वीज द्यायची ते ती ठरवते. या पद्धतीची मांडणी निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूसाठी केली. तिचे तीन गुणांक कसे निवडावेत याचे नियम झीगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिले. ओस्ट्रोम आणि हॅगलुंड यांनी १९८४ मध्ये यंत्राकडूनच मुद्दाम हेलकावे घडवून गुणांक काढण्याची रीत सुचवली. प्रिंटरमधले स्वयंचलित ट्यूनिंग याच वाटेने चालते.

पीआयडीचा मोठा शत्रू म्हणजे उशीर. ढोबळ हिशेब असा : नोझलसह हॉटएंडच्या तापणाऱ्या भागाचे वजन १५ ग्रॅम धरले आणि हीटर ४० वॉटचा असला, तर आसपास जाणारी उष्णता वजा करूनही तापमान सेकंदाला सुमारे २ अंशांनी चढते. सेन्सरला ही चढ ५ सेकंद उशिरा कळली तर तेवढ्यात ठोकळा १० अंशांनी पुढे निघून गेलेला असतो. मग हीटर बंद होतो, पण तापमान उतरू लागल्याची बातमीही उशिराच पोहोचते. असे हेलकावे सुरू झाले की गुणांक मवाळ ठेवून ते दाबता येतात. पण मवाळ गुणांक म्हणजे पंखा सुरू झाला किंवा छपाईचा वेग वाढला तरी यंत्र सावकाश जागे होणार. उशीर मुळातच कमी असेल तर ही तडजोड करावी लागत नाही.

छपाईचा भारही काही कमी नसतो. सेकंदाला १० घनमिलिमीटर पीएलए ओतले जात असेल, तर ते २०० अंशांपर्यंत तापवण्यातच ४ ते ५ वॉट खर्च होतात. छपाई थांबली की हा भार क्षणात नाहीसा होतो. चढउतार होणारच, सेन्सरला ते वेळेवर कळणे आवश्यक.

जागा कुठली

सेन्सरसाठी योग्य जागा हीटर आणि नोझल यांच्या दरम्यान, पण नोझलच्या बाजूला झुकलेली. सेन्सर हीटरला चिकटून असेल तर आकडा झटपट हलतो, नियंत्रण छान बसते आणि आलेखही देखणा दिसतो. मात्र नोझलचे टोक प्रत्यक्षात मागे राहते आणि छपाईचा वेग वाढला की ही तफावतही वाढते. उलट सेन्सर ठोकळ्याच्या दूरच्या कोपऱ्यात असेल तर उशीर वाढतो आणि हेलकावे येतात. बहुतेक तयार ठोकळ्यांत सेन्सरचे भोक वितळण्याच्या मार्गाजवळ, हीटरच्या विरुद्ध बाजूला किंवा शेजारी दिलेले असते; ते याच तडजोडीतून.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. छापलेला थर गार करण्यासाठी पंख्याची हवा नोझलच्या टोकाजवळ सोडली जाते. पीएलए छापताना पहिल्या थराला पंखा बंद ठेवून नंतर सुरू करतात आणि बरेचदा नेमके तिथेच तापमान घसरते. वारा सेन्सरवर येत असेल तर सेन्सर खोटा गारवा सांगतो, कंट्रोलर जास्त वीज देतो आणि नोझल गरजेपेक्षा जास्त तापते. वारा नोझलवर येत असेल आणि सेन्सर आडोशाला असेल तर नोझल गार पडते आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. दोन्हींवर उपाय एकच : ठोकळ्यावर सिलिकॉनचे आवरण चढवणे आणि पंख्याचे तोंड ठोकळ्यावर न ठेवता थरावर रोखणे.

पकड कशी

हवा ही उष्णतेची वाईट वाहक आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तिची वाहकता हजारो पटींनी कमी. त्यामुळे सेन्सर आणि भोकाची भिंत यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची पोकळी राहिली तरी सेन्सर ठोकळ्यात असूनही ठोकळ्यापासून तुटल्यासारखा होतो. आकडा खाली दिसतो आणि उशिरा हलतो, असे दोन्ही दोष एकदमच येतात.

थर्मिस्टर तीन रूपांत मिळतो. पहिले रूप म्हणजे काचेचा उघडा मणी आणि त्याचे दोन बारीक पाय. पायांवर काचधाग्याची नळी चढवून मणी भोकाच्या तळापर्यंत सरकवतात आणि बाहेर तारांवर स्क्रू व वॉशर लावून त्या धरून ठेवतात. इथे स्क्रू केवळ तार सरकू नये इतपतच आवळायचा. जास्त आवळला की वॉशर तारेचे आवरण कापतो, उघडी तार ठोकळ्याला टेकते किंवा दोन्ही तारा एकमेकींना भिडतात. मणी थेट स्क्रूखाली आला तर काच फुटते.

दुसरे रूप ३ मिलिमीटर व्यासाच्या धातूच्या नळीतले. ती भोकात सरकवून बाजूने छोट्या ग्रब स्क्रूने धरतात. ही पद्धत अधिक भरवशाची, पण त्यातही नळी चेपेल इतका जोर लावू नये. चेपलेली नळी पुढे भोकातून निघत नाही. तिसरे रूप एम ३ आट्यांच्या खिळीचे. ती ठोकळ्यात फिरवून बसवायची असल्याने तारेला पीळ पडतो. म्हणून आधी तार उलट्या दिशेने तेवढेच वेढे फिरवून घ्यावी आणि मग खिळी आवळावी. बसल्यावर तार मोकळी, सरळ राहते. या प्रकारात खिळीचा बराच भाग ठोकळ्याबाहेर राहतो, म्हणून आच्छादन नसेल तर ती वाऱ्याला जास्त बळी पडते.

मोकळी जागा भरण्यासाठी उष्णतावाहक पेस्ट वापरतात. संगणकाच्या प्रोसेसरसाठी मिळणारी साधी सिलिकॉन पेस्ट इथे टिकत नाही. ती २०० अंशांच्या वर सुकून भुसभुशीत होते आणि शेवटी पोकळीच उरते. बोरॉन नायट्राइडची पेस्ट अशा तापमानाला तग धरते आणि वीजही वाहून नेत नाही. पेस्ट लावली म्हणून स्क्रूची गरज संपत नाही. पेस्टने उष्णता पोहोचते. सेन्सर जागेवर राहतो तो स्क्रूमुळे. केवळ पॉलिइमाइडच्या पिवळ्या टेपने सेन्सर ठोकळ्याच्या पृष्ठभागावर चिकटवण्याची पद्धत मात्र धोक्याचीच. टेप स्वतः तापमान सोसते, पण तिचा गोंद हळूहळू सुटतो.

तापल्यावर धातू फुगतात आणि सारखे फुगत नाहीत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. थंड असताना जेमतेम टेकलेला स्क्रू २४० अंशांना सैल पडू शकतो. शिवाय प्रिंटरचे डोके सतत झटके देत धावत असते. म्हणून सेन्सर बसवल्यावर ठोकळा एकदा पूर्ण तापवून, मग गार करून स्क्रू पुन्हा पाहावा. हीटर-कार्ट्रिजची पकडही त्याच वेळी तपासून घ्यावी. हीटर सैल असेल तर सेन्सर कितीही चोख बसवला तरी उशीर कायम राहतो.

तारांचा प्रश्न

सेन्सरच्या तारा तांब्याच्या असतील तर त्या स्वतःच उष्णता बाहेर ओढून नेतात. मणी खोलवर बसवावा आणि तारेचा पहिला भाग शक्यतो ठोकळ्याच्या गरम अंगाने न्यावा, म्हणजे ही गळती कमी होते. हॉटएंडजवळचे सांधे सोल्डरने जोडू नयेत. शिशाच्या नेहमीच्या सोल्डरचा वितळणबिंदू १८३ अंश असतो. तिथे दाबून बसवलेले क्रिंप सांधेच टिकतात.

सांध्यातला वाढीव रोध कोणत्या सेन्सरला किती भोवतो, यात मोठा फरक आहे. तारेत आणि कनेक्टरमध्ये मिळून १ ओहमची भर पडली तर पीटी १०० चे वाचन अडीच अंशांहून अधिक चुकते. पीटी १००० चे सुमारे पाव अंशाने चुकते आणि थर्मिस्टरचे २०० अंशांना त्याहूनही कमी. म्हणूनच पीटी १०० ला तीन किंवा चार तारांची जोडणी आणि वेगळी चिप लागते. थर्मोकपलची तार लांबवायची तर त्याच प्रकारची तार लागते. मध्येच तांब्याची तार जोडली की चुकीची भर पडते.

डोके मागे-पुढे होताना तार एकाच जागी वाकत राहिली तर आवरणाच्या आत ती तुटते. अशी तार कधी जुळते, कधी सुटते. पडद्यावरचा आकडा क्षणात २० अंश घसरून परत येत असेल तर संशय पहिल्यांदा तारेवर घ्यावा, कारण धातूचा ठोकळा एका क्षणात इतका गार होऊच शकत नाही. तारेचा पट्टा डोक्यावर घट्ट बांधून वाकण्याची जागा सांध्यापासून दूर नेणे, हा साधा उपाय. सेन्सरच्या तारा हीटरच्या तारांपासून शक्य तितक्या वेगळ्या ठेवल्या तर वाचनातला गोंगाटही कमी होतो.

बेडची गोष्ट वेगळी

गरम बेडवर पीएलएसाठी ५० ते ६०, तर एबीएससाठी ९० ते ११० अंश लागतात. बेड जड असल्याने तो सावकाश तापतो आणि सावकाशच गार होतो, त्यामुळे हेलकाव्यांचा त्रास कमी. इथला खरा प्रश्न तफावतीचा. हीटर बेडच्या खाली, सेन्सरही बहुधा खालीच चिकटवलेला आणि वस्तू मात्र वरच्या पृष्ठभागावर. वर ४ मिलिमीटरची काच असेल तर बेड १०० अंशांवर असताना काचेतच तीन-चार अंश कमी होतात आणि काच व पत्र्यामधल्या हवेच्या थरामुळे आणखी काही. कडा मध्यापेक्षा गार राहतात ते वेगळेच.

सिलिकॉनच्या हीटर-पट्टीत तयार बसवलेला सेन्सर पट्टीचे तापमान सांगतो, पत्र्याचे नाही. जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्याला कडेने बारीक भोक पाडून सेन्सर आत बसवला तर वाचन पृष्ठभागाच्या जवळ येते. तोपर्यंत व्यवहारी तोडगा असा की सेन्सरने आकडा गाठल्यावर लगेच छपाई सुरू न करता दहा-पंधरा मिनिटे थांबावे. २३० व्होल्टवर चालणाऱ्या बेडला अर्थिंग आणि ठरावीक तापमानाला कायमची तुटणारी थर्मल फ्यूज अत्यावश्यक. ती पट्टीला घट्ट टेकलेली असावी. तिचीही बैठक सेन्सरइतकीच महत्त्वाची.

सेन्सर निसटला तर

थर्मिस्टरची तार पूर्ण तुटली तर रोध अनंत होतो. कंट्रोलरला ते अतिशय कमी तापमान वाटते आणि किमान मर्यादेचा इशारा देऊन तो हीटर बंद करतो. दोन तारा भिडल्या तर उलट, अतिशय जास्त तापमान दिसते आणि तेव्हाही हीटर बंद होतो. खरा धोका तिसऱ्याच प्रसंगात असतो : सेन्सर शाबूत, तार शाबूत, पण तो भोकातून बाहेर निसटलेला. तो हवेचे, म्हणजे पन्नास-साठ अंशांचे, प्रामाणिक वाचन देत राहतो. कंट्रोलर तापमान वाढवण्यासाठी हीटर पूर्ण ताकदीने चालू ठेवतो आणि ठोकळा ४०० अंशांच्या वर जाऊ शकतो. त्याआधीच, आत टेफ्लॉनची नळी असल्यास, ती खराब होऊन विषारी वायू सुटू लागतात.

यासाठी मार्लिनसारख्या फर्मवेअरमध्ये संरक्षण असते. हीटर चालू असून ठरावीक सेकंदांत तापमान दोन अंशही चढले नाही, किंवा गाठलेले तापमान चार अंशांहून खाली जाऊन ४० सेकंद तसेच राहिले, तर यंत्र बंद पडते, अशा स्वरूपाच्या त्या अटी. हे संरक्षण कधीही बंद करू नये. वारंवार त्याचा इशारा येत असेल तर मर्यादा सैल करण्याऐवजी सेन्सरची बैठक पाहावी. जुने यंत्र घेतले असेल तर हे संरक्षण सुरू आहे की नाही याची खात्री करून घ्यावी. नीति आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळांमध्ये थ्रीडी प्रिंटर पोहोचले आहेत. मुले हाताळतात त्या यंत्रांत तर ही खात्री आधी हवी.

तपासणी आणि ट्यूनिंग

पहिली चाचणी फुकटची. रात्रभर बंद असलेला प्रिंटर सकाळी चालू केल्यावर हॉटएंड आणि बेड या दोघांचे आकडे खोलीच्या तापमानाशी आणि एकमेकांशी एक-दोन अंशांत जुळले पाहिजेत. न जुळल्यास बहुधा फर्मवेअरमध्ये थर्मिस्टरचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, आणि तो चुकला की वरच्या तापमानाला फरक आणखी मोठा होतो.

दुसरी चाचणी सेन्सर सुटा असताना करायची. वितळत्या बर्फाच्या पाण्यात तो शून्य दाखवेल, उकळत्या पाण्यात १००. मात्र १०० हा आकडा समुद्रसपाटीचा. मुंबईत किंवा पणजीत तो चालतो; सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते आणि महाबळेश्वरला त्याहून दोन-अडीच अंश आधी. उघड्या पायांचा मणी पाण्यात बुडवायचा तर आधी तो प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घ्यावा, नाही तर पाण्यातून वीज वाहून वाचन बिघडते.

ट्यूनिंग करायचे ते सेन्सर पक्का बसल्यावरच. मार्लिनमध्ये एम३०३ हा आदेश ठोकळा ठरलेल्या तापमानाभोवती अनेक फेऱ्या खाली-वर करून तीन गुणांक काढून देतो. ते नोंदवून एम५०० ने जतन करावे लागतात. ही चाचणी सिलिकॉनचे आवरण चढवून, नोझल बेडच्या जवळ ठेवून आणि पंखा छपाईइतक्या वेगाने चालू ठेवून, ज्या तापमानाला नेहमी छापले जाते त्याच तापमानाला करावी. हीटर, ठोकळा, पंखा किंवा सेन्सर यांपैकी काहीही बदलले की ती पुन्हा करावी.

ट्यूनिंगनंतर हॉटएंडचा आकडा एका अंशाच्या आत स्थिर राहायला हवा. तसे होत नसेल आणि पुन्हापुन्हा ट्यूनिंग करूनही फरक पडत नसेल, तर दोष गुणांकांत शोधण्यात अर्थ नाही. यंत्र बंद करून, वीज काढून, ठोकळा गार झाल्यावर सेन्सर हलक्या हाताने ओढून पाहावा. तो किंचितही हलला तर कारण तिथेच आहे.